सिस्टरांच्या गाडीचं टायमिंग

मिस्त्रींना ऐकू कमी येतं हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं, एकट्या मिस्त्रींना सोडून.

यात मिस्त्रींचा काही दोष नव्हता. दोष म्हणायचाच तर तो त्यांच्या बायकोचा. गेली सात वर्षं मिस्त्रीणबाई नवऱ्याचा कान होऊन वावरत होत्या, आणि तेही इतक्या बेमालूमपणे, की ज्याचा कान गेला त्यालाच त्याचा पत्ता नव्हता. घराला लागून पत्र्याचं गॅरेज. कुणी गाडी घेऊन आलं आणि तोंडातल्या तोंडात काही सांगू लागलं, की बाई हातातलं शिवण तसंच घेऊन मधल्या दारात यायच्या आणि म्हणायच्या, "म्हणजे ब्रेक दाबला की उजवीकडे ओढते म्हणता?" त्यांचा आवाज मुळातच हळू, पण खालच्या पट्टीतला, भरीव. तो मिस्त्रींना नेमका पोचायचा. गिऱ्हाईक मान डोलवायचं, मिस्त्री मान डोलवायचे आणि बाई परत मशीनवर जाऊन बसायच्या. गिऱ्हाइकांना वाटायचं, बाईंना गाड्यांतलं फार कळतं. मिस्त्रींना वाटायचं, बायको जरा चौकस आहे, चालायचंच.

फोन त्याच उचलायच्या. दारावरची बेल वाजली की "कोण आलं ते बघते" असं म्हणत मुद्दाम मिस्त्रींच्या समोरून जायच्या. संध्याकाळी बातम्या लागल्या की आवाज चांगला वाढवायच्या आणि "मलाच मेलीला हल्ली कमी ऐकू येतं" म्हणून ते स्वतःवर घ्यायच्या. त्यावर मिस्त्री त्यांना मायेनं समजावायचे, की एकदा कान दाखवून ये, या वयात होतं असं, त्यात लाजायचं काय.

दुसऱ्या शहरात राहणारी लेक दर आठवड्याला फोन करायची आणि दर आठवड्याला आईचा कान धरायची. तिचं म्हणणं एकच होतं. "आई, तू बाबांना सांभाळत नाहीयेस. झाकतेयस." बाई म्हणायच्या, सांगेन गं, वेळ आली की सांगेन. मनातून त्यांना ती वेळ यायला नकोच होती. चाळीस वर्षं ज्या माणसानं इंजिनाला कान लावून पोट भरलं, त्याला कुठल्या तोंडानं सांगायचं?

ती वेळ आली सिस्टरांच्या गाडीमुळे.

सिस्टर म्हणजे घरोघर जाऊन अंथरुणावरच्या माणसांची शुश्रूषा करणाऱ्या नर्स. तीन वर्षांपूर्वी मिस्त्रीणबाईंच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. ऑपरेशन नीट झालं, पण जखम काही मिटेना. पाच महिने त्या पालथ्या पडून होत्या. त्या पाच महिन्यांत सिस्टर एक दिवस चुकल्या नाहीत. सकाळी आठच्या सुमाराला त्यांची ती जुनी, पांढऱ्याची पिवळट झालेली गाडी कोपऱ्यावर वळायची. बाईंना उशीशिवाय काही दिसायचं नाही, पण ऐकू सगळं यायचं. गिअर खाली पडला, दारासमोर आली, बंद झाली, बंद झाल्यावरही इंजिनानं एक आचका दिला, दार लागलं, पिशवी उचलली. गाडी कशी वळली यावरून सिस्टर आज घाईत आहेत की थकल्यात, हेही त्यांना पडल्या जागी कळू लागलं होतं. जखमेला हात लागणार म्हणून अंगावर काटा यायचा, आणि तरी गाडीच्या आवाजानं जिवाला इतकं बरं वाटायचं, की देवाचं नाव घ्यावं तसं त्या तो आवाज मनात घोळवत राहायच्या.

जखम मिटली. बाई उभ्या राहिल्या, चालू लागल्या, मशीनवर बसू लागल्या. शेवटच्या दिवशी सिस्टर पिशवी आवरत असताना मिस्त्री दारात उभे राहून एकच वाक्य बोलले होते. "तुमच्या गाडीचं इंजिन कधी बसलं, तर ते मी बांधणार. दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही."

यंदा ते बसलं. गाडी निळा धूर सोडू लागली, पेट्रोलच्या बरोबरीनं ऑइल पिऊ लागली, आणि टेकडीच्या चढावर मधेच थांबून सिस्टरांना पिशवी घेऊन पायी चालायला लावू लागली. हमरस्त्यावरच्या मोठ्या गॅरेजनं ती भंगारात घाला म्हणून सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, भंगारात कशी घालू, टेकडीपलीकडच्या घरांतली कुत्रीसुद्धा या गाडीला ओळखतात, दुसरी गाडी नेली तर मला उतरू देणार नाहीत. आणि त्यांनी ती सरळ मिस्त्रींच्या दारात आणून लावली. काम होईपर्यंत दवाखान्यानं त्यांना एक गाडी तात्पुरती दिली होती, ती दोन महिन्यांनी परत करायची होती.

दोन महिने मिस्त्रींना दुसरं काही सुचलं नाही. हल्ली असलं काम त्यांच्याकडे यायचंच कुठं? नव्या गाड्यांचं सगळं कॉम्प्युटरवर. मिस्त्रींच्या वाट्याला ब्रेक, क्लच आणि गंजलेले सायलेन्सर. आता एक आख्खं इंजिन त्यांच्यासमोर सुटं झालं होतं. सिलिंडर घासून आणले, पिस्टन नवे, रिंगा नव्या, बेअरिंगं नवी. हेडला, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणाला, जरा बाक आला होता, ते घासून प्लेन करून घेतलं. बाई अंगणात पाटावर बसून परातीत रॉकेल घेऊन एकेक सुटा भाग ब्रशनं घासत होत्या, फडक्यावर ओळीनं मांडत होत्या. मिस्त्री येता-जाता बघायचे आणि म्हणायचे, की भांडी तरी एवढी कधी घासली नव्हतीस. बाई म्हणायच्या, भांड्यांनी मला कधी उभं केलं नव्हतं.

इंजिन बांधून झालं, पहिल्या दोन गिरक्यांत सुरू झालं. पंधरवडाभर मिस्त्रींनी गाडी सपाट रस्त्यावर हळूहळू फिरवली, नव्या रिंगा बसू दिल्या, हेडचे नट पुन्हा आवळले. उरलं शेवटचं काम, टायमिंग. ते त्यांनी शनिवारवर ठेवलं. रविवारी सकाळी सिस्टर गाडी न्यायला येणार होत्या, सोमवारी त्यांना दवाखान्याची गाडी परत करायची होती.

टायमिंग म्हणजे काय, हे मिस्त्रींनी लग्नानंतर पहिल्याच वर्षी बायकोला समजावलं होतं. नव्या नवरीशी बोलायला त्यांच्याकडे दुसरा विषय नव्हता. पिस्टन वर चढत येतो, आणि तो पार माथ्यावर पोचायच्या केसभर आधी ठिणगी पडावी लागते. उशिरा पडली तर गाडी पाय ओढत चालते. फार लवकर पडली तर वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यावरच घाव बसतो. तो घाव ऐकू येतो, बारीक, खुळखुळ असा. महिना-दोन महिने असंच चाललं तर पिस्टनला भोक पडतं आणि गाडी असेल तिथं बसते. चारही सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा जो गोल डबा असतो, तो डिस्ट्रिब्युटर केसभर इकडे किंवा तिकडे फिरवला की ठिणगी लवकर किंवा उशिरा पडते. एवढंच काम. पण केसभर म्हणजे किती?

पुस्तकात आकडा दिलेला असतो. मात्र या इंजिनाचं हेड प्लेन केलेलं, त्यामुळे दाब वाढलेला. पुस्तकातला आकडा म्हणजे दुसऱ्याच्या अंगावर घेतलेलं माप. मिस्त्री डब्यातल्या ठिणगीच्या पॉइंटला बल्ब लावून अंदाज घ्यायचे आणि पुढचं काम चढावर करायचे. पाण्याच्या टाकीकडे जाणारा चढ. वरच्या गिअरमध्ये गाडी चढाला लावायची, पाय दाबायचा आणि ऐकायचं. काही वाजलं नाही तर वर थांबून टायमिंग केसभर पुढं घ्यायचं, पुन्हा खालून यायचं. असं करत करत ज्या फेरीला ती बारीक खुळखुळ ऐकू येईल, तिथून केसभर मागं यायचं, बोल्ट आवळायचा. मिस्त्री म्हणायचे, गाडी स्वतः सांगते कुठं थांबायचं ते. आपण फक्त ऐकायचं.

शनिवारी दुपारी चारला दोघं निघाली. बाई हल्ली प्रत्येक ट्रायलला शेजारी बसायच्या, वारं खायला म्हणून. खरं कारण मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न.

पहिली फेरी. गाडी चढली, पण जराशी आळसावून. मिस्त्री टाकीपाशी उतरले, बॉनेट उघडलं, पाना घातला, डबा फिरवला. दुसऱ्या फेरीला गाडी हसतखेळत वर आली. मिस्त्री खूश. "अजून मागतेय," म्हणाले, आणि पुन्हा उतरले.

तिसऱ्या फेरीला बाईंना ते ऐकू आलं. अगदी बारीक, चढ सरता सरता, बटणांचा डबा कुणीतरी बाजूच्या खोलीत हलवावा तसं. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. आता हे मान डोलवतील, वर जाऊन टायमिंग मागं घेतील, बोल्ट आवळतील, आणि घरी जाऊन चहा. मिस्त्रींच्या चेहऱ्यावर हसू होतं. वर पोचल्यावर ते म्हणाले, "काही नाही. स्वच्छ. अजून मागतेय."

चौथ्या फेरीला खुळखुळ अर्ध्या चढापासूनच सुरू झाली. बाईंचे तळहात मांडीवर घट्ट दाबले गेले. मिस्त्री मात्र रंगात आले होते. कशी खेचतेय बघ म्हणाले, सिस्टर चढावर पळत सुटतील म्हणाले. आणि खरंच, गाडी खेचत होती. पाठीला ते जाणवत होतं. पाठीला जाणवत होतं तेवढंच मिस्त्रींना कळत होतं.

बाईंना तेव्हा समजलं, आपण काय करून ठेवलंय. सात वर्षांत असं टायमिंग लावायची वेळच आली नव्हती, आलेल्या गाड्यांना तो डबाच नव्हता. गिऱ्हाइकाचं बोलणं खालच्या पट्टीत पुन्हा बोलता येत होतं. बेल वाजली तर समोरून जाता येत होतं. इंजिनाचा आवाज कसा काढून दाखवणार? या माणसाला आपला कान गेलाय हे माहीत असतं, तर त्यानं हे काम कानावर सोपवलंच नसतं. चार ठिकाणी विचारलं असतं, टायमिंग बघायची लाइट मागून आणली असती, काहीतरी केलं असतं. त्याला माहीत नव्हतं, कारण आपण माहीत होऊ दिलं नाही.

तरी सवय एका क्षणात सुटते थोडीच. त्यांनी आधी जुनीच युक्ती करून पाहिली. गाडी फार खेचतेय, माझी पाठ दुखायला लागली, जरा कमी करा ना, असं म्हणाल्या. मिस्त्री हसले. टायमिंग तुझ्या पाठीसाठी लावायचं की सिस्टरांच्या चढासाठी, असं म्हणून त्यांनी पाना उचलला, पाचव्या फेरीसाठी.

बाई काचेतून त्यांच्याकडे पाहत राहिल्या. आणि त्यांना एकदम दिसलं, टेकडीपलीकडचं कुठलंतरी घर, त्यात पालथं पडलेलं कुणीतरी माणूस, जे कोपऱ्याकडे कान लावून आहे. आठ वाजले, साडेआठ वाजले, आणि गाडीचा आवाज नाही.

त्या उतरल्या. बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, थांबा. वाजतंय."

"काय?"

"इंजिन. तिसऱ्या फेरीपासून वाजतंय. मघाशी तर निम्म्या चढापासून."

मिस्त्रींनी पाना तसाच धरला. "मला नाही ऐकू आलं."

"हो," बाई म्हणाल्या.

इंजिन थंड होताना टिकटिक करत होतं, तेही एकट्या बाईंनाच ऐकू येत होतं. मिस्त्री काहीतरी जुळवत असावेत. पेचात टाकणारं इंजिन बघताना कपाळावर यायची तशी आठी त्यांच्या कपाळावर आली होती.

"पण कमी तर तुला ऐकू येतं," ते म्हणाले.

"मला सगळं ऐकू येतं. पहिल्यापासून."

मग त्यांनी विचारलं, कधीपासून. बाईंनी सांगितलं. पहाटेची किटली शिट्टी मारत होती, तुम्ही तिच्या शेजारी बसून पेपर वाचत होतात, आणि मी आंघोळीहून येईपर्यंत सगळं पाणी आटलं होतं. त्या दिवसापासून. मिस्त्रींनी विचारलं, लेकीला माहीत आहे? आहे. शेजारच्यांना? आहे. सिस्टरांना? बाईंनी मान डोलवली. म्हणाल्या, त्यांनीच तर मला सांगितलं होतं, की बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज राहतात, म्हणून तुम्हाला माझं बोलणं कळतं.

मिस्त्री चालत कठड्यापाशी गेले आणि पाठ करून उभे राहिले. बाईंनी मनाची तयारी केली. आता हे म्हणतील, गॅरेज बंद. म्हणतील, सगळ्या गावात हसं केलंस. काहीही म्हणोत, ऐकून घ्यायचं. त्यांनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात एवढंच मागितलं, की हा माणूस खचू नये.

मिस्त्री परत आले ते पाय आपटतच.

"चाळीस वर्षांत कुणाची गाडी माझ्या हातानं बिघडली नाही," ते म्हणाले. "आज बिघडत होती. आणि तीही कुणाची?" जरा थांबून म्हणाले, "मला लाज वाटू नये म्हणून तू गप्प बसलीस. आणि त्यापायी सिस्टर रस्त्यात अडकल्या असत्या."

"हो. चुकले मी."

"चुकलीस," मिस्त्री म्हणाले. जाऊ दे म्हणाले नाहीत, असू दे म्हणाले नाहीत. त्यांनी डबा चांगला दोन केस मागं घेतला, बॉनेट आपटलं, आणि दार उघडून धरलं. "बस. आता तू ऐकायचंस."

बाई म्हणाल्या, मला काय कळतंय त्यातलं. मिस्त्री म्हणाले, मला न कळणारं तेवढं एकच तुला कळतंय, तेवढं पुरे. आणि उतरणीवर त्यांनी बायकोची परीक्षाच घेतली. टॅपेटचा, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांचा, आवाज वेगळा. तो टिकटिक, पाय काढला तरी चालू राहतो. हा वेगळा; हा फक्त जोर लावला की येतो, पाय काढला की जातो. मघाशी कुठला होता? बाई म्हणाल्या, दुसरा. पाय काढल्यावर गेला होता? गेला होता. बंद करताना शेवटचा आचका येतो का? बाई म्हणाल्या, पूर्वी यायचा, आता नाही येत, या गाडीचे सगळे आवाज मला पाठ आहेत. मिस्त्रींनी जरा चमकून त्यांच्याकडे पाहिलं. मग त्यांनी ठरवून दिलं, बोलायचं नाही, बोललीस तर आवाज चुकेल. ऐकू आलं की माझ्या हातावर टिचकी मारायची. मी चढावरचे विजेचे खांब मोजतो.

आता नव्यानं मोजणी. पहिल्या फेरीला टिचकी पडलीच नाही. मिस्त्री म्हणाले, फार मागं आलोय, आता पुढं जायचं. दुसऱ्या फेरीला नाही. तिसऱ्या फेरीला तिसऱ्या खांबाला एक, चौथ्याला लागोपाठ दोन. मिस्त्रींनी वर जाऊन टायमिंग मागं घेतलं, इतकं थोडं की हात हललेला बाईंना दिसलाही नाही. चौथ्या फेरीला टिचकी एकदम शेवटी, वळणापाशी. पुन्हा मागं. ऊन उतरू लागलं होतं. टाकीवरचा पहारेकरी बाहेर येऊन खुर्ची टाकून बसला होता. हे जोडपं गाडी शिकतंय अशी त्याची समजूत झाली असावी, कारण दर खेपेला तो हात उंचावून धीर देत होता.

पाचव्या फेरीला गाडी वर आली. मिस्त्रींनी विचारलं, "आता?"

बाई थांबल्या. मिस्त्रींचे हात काळे झाले होते, खांदे उतरले होते, शर्ट पाठीला चिकटला होता. सकाळपासून त्यांनी धड जेवणही केलं नव्हतं. नाही, काही नाही, एवढं म्हटलं असतं तर आता घरी जाता आलं असतं. इतकी वर्षं बाईंनी असंच तर केलं होतं.

"आहे," त्या म्हणाल्या. "वळण संपताना. एकदाच, टिचकी मारेपर्यंत गेलासुद्धा. पण आहे."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर खरं कळल्यापासूनचं पहिलं हसू आलं. थकलेलं, पण अगदी आतून आलेलं. बाईंना आधी कळेना, काम वाढलं तर हा माणूस हसतोय का. मग कळलं. आता त्यांना विचारता येणार होतं, आणि उत्तरावर भरवसा ठेवता येणार होता.

सहाव्या फेरीला त्या बरोबर कान लावून बसल्या. पहिला खांब, दुसरा, तिसरा, चौथा, वळण, टाकी. इंजिन एकसारखं, भरलेल्या घागरीसारखं चाललं होतं. खात्रीसाठी त्यांनीच आणखी एक फेरी मारायला लावली. सातव्या फेरीनंतर मिस्त्रींनी बोल्ट आवळला, हात फडक्याला पुसले, आणि ते फडकं बायकोच्या हातात दिलं. बाईंच्या हाताला काहीही लागलेलं नव्हतं, तरी त्यांनी नीट हात पुसले. पहारेकऱ्यानं टाळ्या वाजवल्या.

रात्री बातम्या लागल्या तेव्हा आवाज त्यांनी स्वतः उठून वाढवला, आणि बायकोकडे बघितलं नाही. झोपताना एवढंच म्हणाले, की राग गेलेला नाही. बाई म्हणाल्या, जाऊ द्या सावकाश, मी आहे इथंच. आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना गाढ झोप लागली.

सिस्टर सकाळी दहाला आल्या. गाडी पहाटेच धुऊन पुसून ठेवलेली. त्यांनी इंजिन सुरू केलं, गाडी गल्लीच्या टोकापर्यंत नेली, चढावर घालून आणली, आणि परत येऊन उतरल्या तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. मिस्त्रींसमोर उभ्या राहून त्या त्यांच्या नेहमीच्या बारीक, आजाऱ्याला जाग येऊ नये अशा आवाजात काहीतरी म्हणाल्या.

मधल्या दारात उभ्या असलेल्या बाईंचं तोंड उघडलं. सवयीनं. मग त्यांनी ते मिटलं.

मिस्त्रींनी एक क्षण दाराकडे पाहिलं, मग सिस्टरांकडे. "जरा मोठ्यानं बोला," ते म्हणाले, आज ऊन कडक आहे म्हणावं इतक्या सहज. "मला कमी ऐकू येतं."

"ठाऊक आहे, भाऊ," सिस्टर म्हणाल्या, आणि मग घसा खाकरून त्यांनी आवाज चढवला. "मी म्हटलं, फार उपकार केलेत. माझ्या सगळ्या पेशंटांच्या वतीनं आभार."

"आभार मानायचे तर तिचे माना." मिस्त्रींचा आवाज मुळातच मोठा, त्यात आता समोरची बाई ओरडतेय म्हटल्यावर तोही चढला. "टायमिंग तिनं लावलंय. मी नुसता पाना फिरवला. मी लावलं होतं ते चुकीचं होतं."

"काय सांगता!"

"खरं सांगतो. तुम्ही तिला उभी केलीत म्हणून ती काल माझ्याशेजारी बसली होती. नाहीतर तुमचं इंजिन गेलं होतं, आणि मीही गेलो होतो कामातून."

बाई चहाचं निमित्त करून आत गेल्या. कप मांडले, साखर घातली, आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या. बाहेर दोघं एकमेकांवर ओरडत होती. कान कुठं तपासतात, मशीन लावतात ते दुखतं का, इंजिनाचा आवाज त्यातून कसा येतो, सोमवारी माझ्याबरोबर दवाखान्यात चला. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं ऐकू जात होतं, लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं. बाईंनी देवापुढे हात जोडले नाहीत, काही म्हटलंही नाही. त्या फक्त ऐकत राहिल्या, आणि मनात जे काही भरून आलं होतं ते ज्याला पोचायचं त्याला पोचत होतं.

त्या चहा घेऊन बाहेर आल्या तेव्हा समोरच्या माडीची खिडकी उघडली होती आणि शेजारी अर्धवट दाढी केलेल्या तोंडानं खाली वाकून काहीतरी विचारत होता.

मिस्त्रींनी वर बघितलं, मग बायकोकडे वळले. "काय म्हणतोय गं तो?"

"विचारतोय," बाई आपल्या नेहमीच्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "सकाळी सकाळी भांडण कसलं चाललंय."

"त्याला म्हणावं, भांडण नाही," मिस्त्रींनी बाईंच्या हातातून कप घेतला. "आभार चाललेत."